आत्याबाईंचा बंदोबस्त

माझ्या आत्तेसासूबाईंइतका चोरांचा विचार करणारी बाई उभ्या वऱ्हाडात दुसरी झाली नसेल. चोरांच्या बायकांनीही आपल्या नवऱ्यांचा इतका विचार केला नसेल. सकाळी सडा घालताना, दुपारी भाकरी थापताना, फार काय, देवापुढं हात जोडताना त्यांच्या मनात एकच प्रश्न असायचा, की तो आला तर कुठून येईल? 'तो' म्हणजे चोर. त्याचं नाव घेताना त्यांच्या आवाजात एक प्रकारचा घरोबा असे. आभाळ भरून आलं की शेजारच्या बायका वाळवणं गोळा करायला धावत. आत्याबाई मात्र कमरेवर हात ठेवून आभाळाकडं बघत म्हणायच्या, "आज त्याले सोयीचं हाय. पावसाच्या आवाजात पाय वाजत नाई." आणि मग वाळवण भिजलं तरी चालेल, पण त्या आधी मागचं कवाड बघून येत.

त्यांना दोष द्यावा असे ते दिवसही नव्हते. सातासमुद्रांपलीकडं गोऱ्या लोकांची कुठंतरी आपापसात लढाई जुंपली होती, तिकडचा कापूस तिकडंच अडकला होता, आणि आमच्या काळ्या मातीतल्या पऱ्हाटीला एकाएकी असा भाव आला होता की म्हाताऱ्या माणसांनीही पूर्वी कधी ऐकला नव्हता. लढाई कुठं आहे, कुणाकुणाची आहे, हे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं, पण ती इतक्यात मिटू नये म्हणून मारुतीला नारळ फुटत होते. बैलांच्या शिंगांना पितळेच्या शेंब्या जाऊन चांदीच्या आल्या. पाटलांच्या घरात जिलबी रोजची झाली. आत्याबाईंना हे आवडत नसे. "कोनाचे तरी पोट्टे मरून राहिले तिकडं, आनि आपन जिलब्या खाऊन राहिलो," असं त्या एकदा भर पारावर बोलल्या, तेव्हा पाटलांनी हातातली जिलबी परत ताटात ठेवली होती म्हणतात. घराघरात कापसाचे ढीग लागलेले, आणि त्यातच आगगाडीचा रस्ता बांधायला मुलुखभरची अनोळखी माणसं मूर्तिजापूरच्या बाजूला उतरलेली. रोज नवी अफवा उठे. अमुक गावात कापसाच्या बंड्या बैलांसकट नेल्या, तमुक गावात सासूला कणगीत कोंडून सुनेचे दागिने नेले. ही दुसरी बातमी गावातल्या काही सुनांनी पुन्हा पुन्हा सांगायला लावली होती, ते सोडा.

आमचं घर मूर्तिजापूरपासून काही कोसांवर, आणि तेही गावात नाही, गावाबाहेर वावरात होतं. आत्याबाई लहान वयातच विधवा होऊन माहेरी आल्या. पुढं पटकीच्या साथीत भाऊ-भावजय गेली आणि मागं एक रांगतं मूल राहिलं. तेच मूल पुढं माझ्या कपाळी नवरा म्हणून आलं. त्या पोराला वाढवलं आत्याबाईंनी, शेती केली आत्याबाईंनी, आणि घराचा बंदोबस्तही अर्थात त्यांनीच केला. घराभोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण होतं. कुंपणाच्या आत, अंगणाचा मधला रस्ता सोडला तर, चहूबाजूंनी कापसाच्या झाडांच्या वाळलेल्या पऱ्हाट्या अंथरल्या होत्या. त्यांवर मांजर चाललं तरी कडाकडा वाजे. या वाजण्यावरून आत्याबाई घरात बसून माणूस ओळखायच्या. "हे माळीनबाई आली, एका पायानं दाबून चालते," किंवा "हा पाटलाचा गडी, चोरासारखा चालते पन चोर नाई, आळशी हाय." अमरावतीहून माझे वडील पहिल्यांदा मला भेटायला आले ते बिचारे मधला रस्ता चुकले. पेठेत वाढलेला माणूस, नवं कोरं धोतर नेसून आलेला. धोतराचा सोगा कुंपणाला, एक जोडा पऱ्हाट्यांत, आणि आतून आत्याबाईंचा आवाज, "हा पाय आपल्या वळखीचा नाई. मुसळ आन वो सूनबाई!" मुसळ घेऊन मी बाहेर आले आणि बघते तो बाबा.

कुत्र्यांवर त्यांचा विश्वास नव्हता. कुत्र्याला भाकरीचा तुकडा टाकला की तो चोराचा जावई होतो, असं त्यांचं मत. म्हणून त्यांनी एका धनगराकडून एक एडका आणला होता. वळलेली शिंगं, लालभडक डोळे, आणि नाव सुभेदार. हा सुभेदार दाराशी बांधलेला असे आणि कर्तव्याला अतिशय पक्का होता, फक्त त्याचं कर्तव्य काय हे त्याला कुणी नीट समजावून सांगितलेलं नव्हतं. घरातल्या प्रत्येक माणसाला त्यानं ढुशी दिलेली होती. मला तर लग्नाच्या वरातीतून उतरताच दिली. पण कुणी परका आला की सुभेदार मान वाकडी करून त्याच्याकडून कान खाजवून घेई. आत्याबाईंना हे सांगायची सोय नव्हती. "तो डाव हाय त्याचा," त्या म्हणायच्या. "आधी जवळ येऊ देते."

कमरेला त्या दोन पुरचुंड्या खोचून असत. एकीत सुपारी, दुसरीत लाल तिखट, चोराच्या डोळ्यांत टाकायला. दोन्ही पुरचुंड्या एकाच लुगड्याच्या काठाच्या, आणि आत्याबाईंची नजर पुढं पुढं जरा मंद झालेली. एकदा पातूरकडचे एक दूरचे व्याही आले असता त्यांनी मोठ्या अगत्यानं त्यांच्या तळहातावर चिमूट सोडली. व्याह्यांनी बोलता बोलता ती तोंडात टाकली. पुढचा बराच वेळ ते बोलू शकले नाहीत. आत्याबाईंनी त्यांना गूळ दिला, ताक दिलं, पंख्यानं वारा घातला, पण हे सगळं करताना त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते मी विसरणार नाही. "तिखट अजून जागतं हाय," स्वयंपाकघरात येऊन त्या मला हळूच म्हणाल्या.

पण या सगळ्या बंदोबस्तावर कळस म्हणजे दादाजी. मी लग्न होऊन आले त्याच दिवशी आतल्या खोलीकडं तोंड करून आत्याबाईंनी हाक मारली, "दादाजी, सून आली वो आपली!" आतून कुणीतरी घसा खाकरल्याचा आवाज आला. मी पदर आणखी पुढं ओढला. घरात कुणी वडीलधारे सासरे आहेत, हे मला कुणी सांगितलं नव्हतं, पण नव्या नवरीनं विचारायचं तरी कुणाला? पहिले कित्येक दिवस मी त्या खोलीपुढून वाकून जात होते, हळू बोलत होते, जोडव्यांचा आवाज होऊ देत नव्हते. दाराशी मोठाल्या वहाणा ठेवलेल्या, दोरीवर लांबलचक धोतर वाळत असलेलं, भिंतीला फरशी-कुऱ्हाड टेकलेली. दिवसातून चारदा आत्याबाई अंगणातून ओरडायच्या, "दादाजी, फरशीले धार लावली का वो?" आणि आतून खाकरणं. शेवटी एका दुपारी माझ्या मनात आलं, की एवढे मोठे माणूस, यांना तहान लागली असेल, कुणी पाणीसुद्धा नेऊन देत नाही. तांब्या घेऊन, खाली मान घालून मी आत गेले. बाजेवर गोधडीखाली कापसाचा एक गठ्ठा झोपलेला होता, आणि बाजूला बसून आमच्या घरचे, म्हणजे माझे यजमान, नाडा वळत होते. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि सवयीनं खाकरले. मी तांब्या तिथंच सोडला. माझ्या हसण्याचा आवाज ऐकून आत्याबाई धावत आल्या, त्यांनी प्रकार पाहिला, आणि मला म्हणाल्या, "कळलं ना? आता कोनाले सांगू नको. नि पदर घेत जा त्याईच्या पुढं. लोक पायतात."

त्या दिवसापासून मी बंदोबस्तात सामील झाले. दुपारची कामं उरकली की घरामागच्या गुरांच्या वाडग्यात माझी तालीम असे. मुसळ कसं धरायचं, अंगावर कुणी आलं तर मागं न सरता बाजूला कसं व्हायचं, केसांना धरलं तर काय करायचं. यात चोर नेहमी आत्याबाईच व्हायच्या, आणि इतक्या मन लावून व्हायच्या की तालीम संपल्यावर मला त्यांना पाणी द्यायला भीती वाटे. गोफण मात्र मला जमेना. आत्याबाई वावरातल्या माळ्यावर उभ्या राहिल्या की कणसावर बसलेल्या पाखराला न दुखावता नुसतं उडवून लावत. माझ्या गोफणीतला दगडाचा गुंडा कुठं जाईल याचा भरवसा गुंड्यालाही नसे. रांजण फुटला, माळीणबाईंचा भोपळा फुटला. "तू नेम धरतच नाई, तू देवावर सोडतं," असं त्या म्हणायच्या.

आणि मग खरोखरच तो आला.

कापसाची वेचणी संपत आलेली होती. आमच्या घरचे कापसाच्या बंड्या घेऊन गड्यांबरोबर खामगावच्या बाजाराला गेलेले. तितकाच कापूस अजून घरात, पडवीपासून आतल्या खोलीपर्यंत भरलेला. गावातली बहुतेक माणसं त्या दिवशी मूर्तिजापूरच्या आठवडी बाजाराला गेलेली. भर दुपारी मोकळी बंडी घेऊन तिघं जण कुंपणाशी आले. पुढच्याच्या मिशा अशा होत्या, की त्यांना बसायला वेगळी जागा द्यावी. तो मोठ्या अदबीनं बोलला, "राम राम बाई. आम्ही खामगावच्या शेटजींची माणसं. बातमी बरी नाही. तुमच्या भाच्याची बंडी नदीच्या उतारावर उलटली. पाय मोडलाय, शुद्ध जाते येते. शेटजींनी वैद्य बोलावलाय. भाच्यानंच सांगून पाठवलं, की आत्याला म्हणावं, उरलेला कापूस यांच्या बंडीत भरून दे आणि बायकोला यांच्याबरोबर पाठव."

मला कापूस दिसेना, घर दिसेना. दिसत होता तो नदीचा उतार आणि उलटलेली बंडी. मी आत्याबाईंचा हात धरला आणि रडत म्हणाले, "देऊन टाका हो सगळं. मी जाते यांच्याबरोबर. चला ना, आत्ताच निघू या." आत्याबाईंचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्यांनी मिशाळाला नीट न्याहाळलं, मग मोठ्यानं म्हणाल्या, "घरात मोठं मानूस हाय. त्याईले विचारल्याबिगर कसं द्याव? जाय सूनबाई, दादाजीले विचारून ये." आणि मला दाराशी नेता नेता कानाजवळ तोंड आणून पुटपुटल्या, "खोटं हाय. तो मले आत्या म्हनत नाई."

खरंच की. बोलायला लागल्यापासून आमच्या घरचे त्यांना 'माय' म्हणत. दुसरं नाव त्यांच्या तोंडात कधी आलंच नव्हतं, आणि पाय मोडलेला माणूस तर आईलाच हाक मारील. हे मला पटलं, आणि तरी पटलं नाही. खोटं असेल तर कापूस वाचेल, पण खरं असेल तर? आत्याबाईंनी माझ्या हातात गोफण कोंबली. "घाबरू नको. आधी खाकर," त्या म्हणाल्या.

आत जाऊन मी खाकरले. रडून रडून घसा इतका भरून आला होता, की आमच्या घरच्यांना इतक्या वर्षांत जमलं नसेल असं अस्सल म्हाताऱ्याचं खाकरणं बाहेर पडलं. अंगणातले तिघेही एकदम गप्प झाले. आत्याबाई दाराशी जाऊन कान लावल्यासारखं करून आल्या. "दादाजी म्हनतात, कागद-निशानी काय आनली?" मिशाळ जरा घुटमळला, मग हसला. "आम्हीच भेटतो की त्यांना," असं म्हणून तो पायरीकडं निघाला. वाटेत सुभेदार होता. मी जीव मुठीत धरून बघत होते. सुभेदारानं मान वाकडी केली, आणि मिशाळानं त्याचे कान खाजवले.

मी मागच्या दारानं बाहेर पडून घराच्या कोपऱ्याशी आले. गोफण फिरवली. मिशाळाच्या कपाळाचा नेम धरला, डोळे मिटले आणि सोडली. गुंडा सुभेदाराच्या पुठ्ठ्यावर बसला. त्यानं आयुष्यात पहिल्यांदाच परक्या माणसाबद्दल मत बदललं. दावं तुटलं, आणि कान खाजवणारा माणूस पायरीवरून उडून अंगणात पडला. त्याच क्षणी आत्याबाईंनी पुरचुंडी सोडून मूठभर तिखट भिरकावलं. वारा उलटा होता. निम्मं चोरांच्या डोळ्यांत गेलं, निम्मं आमच्या. डोळे मिटलेल्या आत्याबाई मुसळ फिरवत आरोळ्या ठोकत होत्या, "दादाजी, फरशी घ्या! लक्ष्मन, मांगून जाय! अरे भाला कोठी हाय?" कोण लक्ष्मण, कुठला भाला! पण मागं असलेले दोघे शिंकत शिंकत बंडीत चढले आणि बैलांना झोडपत दिसेनासे झाले. मिशाळ उठला तो सरळ पऱ्हाट्यांत. पुढं कडाकडा, मागं सुभेदार. अखेर एक मोठी किंकाळी आली आणि कुंपणाची बाभूळ हलली.

आम्ही गेलो तेव्हा तो काट्यांत असा अडकला होता, की पुढं जाता येत नव्हतं आणि मागं जायला त्याचं मन होत नव्हतं. मिशांतसुद्धा काटे होते. आत्याबाईंनी मुसळ त्याच्या छातीला लावलं. "भाचा कोठी हाय माह्या?"

"सुखरूप आहे, बाई," तो रडकुंडीला येऊन म्हणाला. "बाजारात पाहिला. गड्यांबरोबर जिलबी खात होता. तिथंच नाव-गाव कळलं."

मी हसू लागले, आणि हसता हसता रडू लागले. आत्याबाईंनी मुसळ बाजूला ठेवलं. घरातून सुई आणली, तेलाची वाटी आणली, त्याला सोडवून पायरीवर बसवलं आणि त्याच्या तळपायातले काटे एकेक करून काढले. तो ओरडला की दटावायच्या, "हळू. दादाजी झोपले हायेत. जागे झाले तं मले सांगू नको." मग तो श्वाससुद्धा बेतानं घेई. सकाळपासून उपाशी असल्याचं कळलं तेव्हा भाकरी आणि झुणका वाढला. पाटलांच्या हवाली करावं असं मी सुचवलं. त्या त्याच्या सुजलेल्या पायांकडं बघत म्हणाल्या, "राहू दे. जाऊ दे त्याले. तोच चार गावं सांगत जाईन, ह्या घरात किती मानसं हायेत ते." आणि तसंच झालं. त्या हंगामात आमच्या घरच्या दादाजींची आणि त्यांच्या भालेकऱ्यांची कीर्ती कारंज्यापर्यंत गेली.

संध्याकाळी आम्ही चुलीपुढं बसलो असता आत्याबाई भाकरी थापायला लागल्या आणि भाकरी मोडली. दुसरी घेतली, तीही मोडली. मी परात माझ्याकडं ओढली.

"आता कसली भीती, आत्याबाई? गेले की ते."

"आता नाई वो," त्या म्हणाल्या. "मी लहानपनापासून भेतो. पालीले भेतो, इजेले भेतो. दादा-वहिनी गेले तवा ह्या घरात मी नि ते येवढंसं पोट्टं, दोघंच. साऱ्या गावाले वाटे, बाई लय धीराची हाय. मंग मी दादाले हाका मारायले लागली. मेलेल्या मानसाले कोन हाका मारते? पन हाक मारली का जरा बरं वाटे. पोट्टं समजे, खेळ हाय. ते आतून खाकरे."

म्हणजे दादाजी हे नाव त्यांनी कुठून उचललेलं नव्हतं, ते त्यांच्या भावाचंच होतं. एवढे दिवस मी ज्या बाजेला हसत होते ती माझ्या सासऱ्यांची होती. मी भाकरी थापत राहिले. दोन-तीन दिवसांनी बंड्यांच्या घुंगरांचा आवाज आला आणि आमच्या घरचे दोन्ही पायांनी धडधाकट चालत अंगणात आले, तेव्हा आत्याबाईंनी त्यांना आधी जिलबीवरून यथेच्छ शिव्या दिल्या आणि मग पोटाशी धरलं.

पुढं तिकडची लढाई मिटली. ती कोण जिंकलं हेही आम्हाला कळलं नाही, पण कापसाचा भाव असा खाली आला, की पाटलांच्या घरातली जिलबी एका हंगामात बंद झाली. चोरून न्यावं असं कुणाच्याच घरात काही उरलं नाही. लोक कपाळाला हात लावून बसले. आत्याबाई मात्र त्या दिवसांत बऱ्या झोपायच्या. पुढं फार वर्षं त्या राहिल्या नाहीत. एका हिवाळ्यात साध्या तापाचं निमित्त झालं आणि झोपेतच गेल्या, कुणाला हाक न मारता.

त्यांची आठवण येते तेव्हा मला त्या मुसळ घेतलेल्या दिसत नाहीत. मूर्तिजापूरला आगगाडी पहिल्यांदा आली तो दिवस दिसतो. सारा मुलूख बघायला लोटला होता. कुणी नारळ आणले होते, कुणी पोरांना खांद्यावर घेतलं होतं. लांबून धूर दिसला, जमीन थरथरू लागली, आणि ते काळं धूड शिट्टी फुंकत जवळ येऊ लागलं. आत्याबाई माझ्या पुढं उभ्या होत्या. त्या हळूच मागं सरकल्या, माझ्या पाठीशी आल्या आणि त्यांनी माझा हात इतका घट्ट धरला, की बांगडी पिचली.

"भेऊ नका," मी त्यांच्याच बोलीत म्हणाले, "मी हाय ना."

गाडी आली आणि गेली. धूर निवळला, लोक पांगले. आम्ही वावरातल्या पायवाटेनं घरी निघालो. सगळी वाट त्यांनी माझा हात सोडला नाही, आणि मीही तो सोडवून घेतला नाही.